आषाढातलं काळं खाचर

(वनजमिनीच्या दाव्यासाठी उपग्रहचित्रांचा पुरावा घेऊन मेघा मुरबाडहून आली आहे, ती कॉलेजात भूगोल शिकवते. धोंडीबाई ओटीवर. समोरच्या बांधावर तिचा दीर कमळू. दीर-भावजयीत पाच वर्षं बोलणं नाही.)

धोंडीबाई : मग ठेव गो तुझं चित्र पिशवीत! दोन हजार चारला जमीन पडीक होती. खोटं बोलून नको मला जमीन.

मेघा : मावशी, माझ्याकडे त्याच पावसाळ्याची चित्रं आहेत. दोन हजार पाचच्या आधी जमीन कसत होता, एवढंच दाखवायचंय. नाहीतर दावा गेला.

धोंडीबाई : धनी आजारी. आषाढ लागला नि त्यांना घेऊन ठाण्याला दवाखान्यात गेली. दिवाळीला आली ती एकटीच. भात कोण लावनार, माझं भूत?

मेघा : चित्र तर वेगळंच सांगतंय. हे आषाढातलं बघा.

धोंडीबाई : आषाढात डोंगरावरचा ढग हलत नाय, नि फोटू काढला बोलते!

मेघा : फोटो नाही, रडार. उपग्रहातून लहरी सोडतात, त्या ढगातून खाली येतात. संथ पाण्यावरून पलीकडे घसरतात, म्हणून पाणी काळं दिसतं. उभ्या पिकाला आपटून परत फिरतात, ते उजळ. हे तुमचं खाचर. आषाढात काळं, भादव्यात उजळ.

धोंडीबाई : गवत असेल.

मेघा : असेल. पण आधी पाणी साठलंय ना?

धोंडीबाई : कसं साठेल? मी निघाली तेव्हा बांधाला हे एवढं भगदाड! नि पानी येतं कमळूच्या खाचरातनं. ते पानी त्यानीच तोडलं होतं, त्यावरनं तर भांडान.

मेघा : मग बांध कोणी घातला? पाणी कोणी सोडलं?

धोंडीबाई : ...आली तेव्हा कणगी भातानी भरलेली होती गो. गळ्यापर्यंत.

मेघा : विचारलं नाहीत कुणाला?

धोंडीबाई : इचारायचं काय? वाटलं, माझ्या भावानी भरली, पांडूनी. दर वर्षी म्हसा गावच्या जत्रेला कोंबडा देते मी त्याला! नि मेला मुकाट गिळतो!

मेघा : आता साक्षीला जुना माणूस लागेल. कमळूकाका चालतील. दीर म्हणजे घरचाच, त्यांनी कसली तरी तुमचीच वहिवाट. हाक मारू?

धोंडीबाई : तू नको. नको नको ते बोलली मी त्याला. त्याचा भाऊ मरायला टेकलेला, नि मी बोलली, तुला त्याची जमीन पायजे.

मेघा : तरी लावलं त्यांनी.

धोंडीबाई : लावलं, नि चकार शब्द काढला नाय. मला लाज वाटते गो... सरक जरा. भावजी! अवो भावजी! चा टाकते, ओटीवर या.

कमळू : येतो. तुझा बांध पाझरतोय, तेवढा लिंपून येतो.