दक्षिणमुखी पॅनेल

हरिणी : पुसलं हो अप्पा! काल पुसलं, आज सकाळी परत पुसलं. आणखी पुसलं तर सोलर पॅनेलची काच झिजेल.

वैद्यनाथ : मग वायर सैल असेल.

हरिणी : वायर घट्ट आहे, बॅटरी नवी आहे. पण भरत नाही, तर काय करू? एवढ्या रीडरांतले पाच-सहा चालू झाले, त्यातले दोन माझ्या हातातच मेले.

वसंता : अय्यो रामा! कोण मेले?

वैद्यनाथ : कोणी मेलं नाही. तू कापी आण.

वसंता : आणली की मघाशीच. तुमच्या कोपराशी आहे, सांडाल. हरिणी, तुझा नुसता कान दिसतो गं. फोन नीट धर आणि सांग, कोण मेले?

हरिणी : पुस्तकं वाचायची यंत्रं, अम्मा. पाटीसारखी असतात. एकेका पाटीत शेकड्यानं पुस्तकं.

वसंता : मग पाट्या म्हण. जीव घाबरवतेस.

हरिणी : घाबरायचीच वेळ आहे. उद्या इथले शिक्षण खात्याचे साहेब येतायत. पाट्या बंद दिसल्या तर सगळ्या उचलून शहरातल्या शाळेला देणार. का, तर तिथे वीज आहे. अहो, तिथे पुस्तकंही आहेत! इथे वर्गाला मिळून एक पुस्तक, त्याचीही शेवटची पानं गेलेली. गोष्टीचा शेवट पोरं आपल्या मनानं करतात. मी त्यांना शब्द दिलाय, अप्पा.

वैद्यनाथ : शब्द देण्याआधी बापाला विचारायचं असतं.

वसंता : बाप बोलत होता काय? चेन्नईची कंपनी सोडून लेक मलावीत शिकवायला गेली, म्हणून वर्षभर मूग गिळून बसलात. बोललात कधी, तर सोलरचं निघालं तेव्हा. आणि बोललात काय? "दक्षिण." एवढंच.

वैद्यनाथ : मग दक्षिणच! सारा जन्म वीज मंडळात गेला माझा. रिटायर झाल्यावर इथल्या मेलकावेरीपासून इन्नंबूर गावापर्यंत इतक्या गच्च्यांवर सोलर बसवलं, एकूण एक दक्षिणेकडे तोंड करून. एकाची तक्रार नाही!

वसंता : तें खरें. आणि शाळेचं काम ना? विद्येचा गुरू दक्षिणामूर्ती, तोही शिवाच्या कोणत्याही कोविलात, देवळात पाहा, दक्षिणेकडेच तोंड करून बसलेला. मीच ह्यांना बजावलं, काही झालं तरी दक्षिण सोडू नका.

हरिणी : म्हणजे दोघांनी मिळून ठरवलंत. बरं झालं, निदान एका गोष्टीवर तुमचं जमलं.

वैद्यनाथ : चेष्टा पुरे. झाडाची सावली पडते का?

हरिणी : झाडच नाही.

वैद्यनाथ : ढग?

हरिणी : लख्ख आभाळ आहे.

वैद्यनाथ : तिथे आता भर दुपार ना? बाहेर जा. छपरावरचं पॅनेल दिसेल अशी उभी राहा.

हरिणी : राहिले.

वैद्यनाथ : आता सूर्याकडे तोंड कर. शाळा पाठीमागे आली?

हरिणी : नाही. शाळा समोर आहे. सूर्य छपराच्या पलीकडे.

वैद्यनाथ : मग तू शाळेच्या मागच्या अंगणात गेलीस.

हरिणी : अप्पा, पॅनेल माझ्या डोळ्यांसमोर आहे!

वैद्यनाथ : तर फोन उलटा धरलायस.

हरिणी : मी फोन उलटा धरला म्हणून सूर्य फिरेल?

वसंता : सूर्य वाट चुकला काय हो?

वैद्यनाथ : वसंता, सूर्य वाट चुकत नसतो! माणसं चुकतात. म्हणे भर दुपारी सूर्य उत्तरेला! शाळेत भूगोल कोणी शिकवला हिला? उत्तरेला सूर्य जायला ते गाव काय विषुववृत्ताच्या... हरिणी?

हरिणी : हां?

वैद्यनाथ : मलावी विषुववृत्ताच्या वर का खाली?

हरिणी : खाली.

वैद्यनाथ : नक्की?

हरिणी : देश आहे तो, अप्पा. कोणी उचलून ठेवलेला नाही.

वसंता : का हो, कप खाली का ठेवलात? कापीत साखर नाही?

वैद्यनाथ : साखर आहे. मी गाढव आहे.

वसंता : हें आज कळलं?

वैद्यनाथ : अगं, आपण पृथ्वीच्या वरच्या अंगाला. आपला सूर्य बहुतेक वर्षभर दक्षिणेकडून जातो. ती खालच्या अंगाला, तिचा जातो उत्तरेकडून. मी तिचं पॅनेल सूर्याकडे पाठ करून बसवलं!

वसंता : आणि दक्षिणामूर्ती?

वैद्यनाथ : त्यालाही उत्तरेकडे फिरव!

वसंता : अय्यो, तोंडाला काही धरबंध? थांबा... सेरी, बरं, फिरू दे. पोरांसाठी गुरू जरा वळून बसला तर काय बिघडलं? मी गुरुवारी चण्यांची माळ वाहीन, समजूत घालीन.

हरिणी : देवाची समजूत तू घाल. आमच्या हेडमिस्ट्रेस म्बेवेबाईंना मी काय सांगू? सुतार बोलावून, अख्खा दिवस उन्हात उभं राहून त्यांनी छपरावर पॅनेल ठोकून घेतलं. आता उपटा म्हणू?

वैद्यनाथ : म्हण, डिझाइनमध्ये तांत्रिक सुधारणा आहे.

वसंता : चुकलं म्हणा.

वैद्यनाथ : म्हण, फेरतपासणीत असं आढळून आलं की...

वसंता : चुकलं म्हणा हो! तेथे लेकीची मान खाली जाते.

हरिणी : अप्पा, बाई इथेच उभ्या आहेत. विचारतायत, वडील काय म्हणाले?

वैद्यनाथ : स्पीकर लाव. हॅलो, मॅडम? सॉरी. माय मिस्टेक. सूर्याची नाही, हरिणीची नाही... तेच, माय मिस्टेक! नॉर्थ! नॉर्थ!

हरिणी : हसतायत. म्हणतात, आमचे वडीलही असेच होते, पण सॉरी कधी म्हणाले नाहीत. शिडी आणायला निघाल्यासुद्धा.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोच फोन.)

हरिणी : राहिल्या! अप्पा, पाट्या इथेच राहिल्या!

वसंता : बरवें झालं! नीट सांग, ओरडू नको.

हरिणी : सुतारानं कालच पॅनेल मागच्या उतारावर बसवलं. आज उजाडल्यापासून नुसतं भरभरून ऊन. दुपारी साहेब आले, तोवर निम्म्या पाट्या चालू. ते उठायला लागले, तर थांडिवे नावाची एवढीशी पोरगी त्यांना म्हणते, बसा, गोष्ट संपली नाही. ह्या गोष्टीला शेवट आहे!

वैद्यनाथ : मग?

हरिणी : मग काय, बसले मुकाट्यानं. शेवट ऐकला आणि हात हलवत परत गेले.

वसंता : आता ह्यांना आवरा. आफ्रिकेत उजेड पाडला म्हणून गल्लीभर सांगत सुटतील.

वैद्यनाथ : सांगणार. चुकीसकट सांगणार.

हरिणी : अप्पा, खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्ही आता माझ्याशी कधी बोलणारच नाही. ते पॅनेल चुकलं तेच बरं झालं. चला, ठेवते. आता कसलाही बिघाड नाही.

वैद्यनाथ : थांब. वायर?

हरिणी : ठीक आहे.

वैद्यनाथ : बॅटरी?

हरिणी : भरली.

वैद्यनाथ : स्क्रू सगळे आवळले?

हरिणी : आवळले, अप्पा.

वसंता : अहो, सगळं नीट आहे म्हणते ना पोर? आता काय विचारायचं राहिलं?

वैद्यनाथ : हरिणी... जेवलीस का गं?