बंद केलेला भोंगा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. दोघांच्या अंगात अजून बोटीवरची, बुडू नये म्हणून घालायची जाकिटं होती. बोटीच्या केबिनमध्ये बेशुद्ध पडलेल्या तिच्या वडिलांना आत नेलं होतं.

“अहो, तो भोंगा बंद का केलात?”

“सारखा कोकलत होता. मला वाटलं, बिघडलाय.”

“विषारी वायू साठला की कोकलायलाच लावलाय ना तो!”

“धूर दिसला नाही गं. वासही नव्हता.”

“दिसत नाही, वास येत नाही, म्हणूनच भोंगा लावतात! इंजिन चालू, केबिनचं मागचं दार उघडं, इंजिनाचा वायू सगळा आत येत होता.”

“मला काय माहीत?”

“बाबा म्हणाले, डोकं दुखतंय. तुम्ही म्हणालात, बोट लागली असेल, आत जाऊन पडा.”

“जाकिटं मात्र सगळ्यांना मी आठवणीने घातली.”

“घातलीत. बुडालं कोणीच नाही!”

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

“शुद्धीवर आलेत. जावईबापू बरे आहेत का, विचारतायत.”

ती उठली. तो तसाच बसून राहिला.

“तू जा. मी कोणत्या तोंडाने येऊ?”

“आहे त्याच तोंडाने या. बरा आहे म्हणून तुम्हीच सांगा त्यांना.”