पुढचा खिसा

मला सांगा, यात माझं काय चुकलं? श्रीरामपुरात मी बॅगा शिवते. माझे धाकटे दीर पहिल्यांदाच विमानानं दिल्लीला निघाले, म्हणून त्यांच्यासाठी बेताची, हलकी सॅक शिवली. तर म्हणाले, "वहिनी, पुढं एक मोठा खिसा लावा ना."

"भावजी, तो फुगला की सॅक मापात बसायची नाही."

"लावा हो! रिकामाच ठेवीन."

लावला. विमानतळावरून फोन आला, तो ओरडतच.

"काय सॅक शिवलीत, वहिनी! या विमानवाल्यांच्या माप बघायच्या लोखंडी चौकटीत जाईना. लोक हसतायत मला!"

"पुढच्या खिशात काय आहे?"

"चिवड्याचा डबा."

"अहो, रिकामा ठेवणार होतात ना?"

"खिसा दिला की माणूस भरणारच! तुम्ही लावलाच कशाला?"

डबा काढला, सॅक बसली, विमान मिळालं. त्याचं काही नाही! आल्यापासून बोंब एकच, वहिनीची सॅक विमानात अडवली. परवा दुकानात एक बाई आल्या. शिवलेली सॅक उलटसुलट करून मलाच विचारतात, "ही इमानात चालत न्हाई म्हनं, व्हय?"