राघूच्या घराची पाहणी

...आन् म्हणे दांडी गुळगुळीत नको! ऐकलं का? राघूला बसायला लिंबाची आडवीतिडवी फांदी पाहिजे, सालीसकट, कुठं जाड कुठं बारीक, न्हाईतर म्हणे राघूच्या तळपायाला घट्टे पडतात! माझ्या टाचेच्या भेगांत चार आण्याचं नाणं उभं राहील, त्या आजवर कुणी बघितल्या न्हाईत. पण राघूचे तळपाय! तुमाला सांगते, राघू मागितला होता वो मी, पोरगी न्हाई मागितली!

मधूनच सुरू झाले का? थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचं लेकरू, उद्धव. तिसरं सरून चौथं लागलं, पण तोंडातून शब्द न्हाई. ऐकू येतं, चांगलं येतं, परातीत शेंगा टाकल्या की गोठ्यातून पळत येतं. हसतं, रडतं, बोट दाखवतं, पण 'आई' म्हणत न्हाई. परभणीच्या डॉक्टरनं जीभ बघितली, घसा बघितला आन् म्हणाला, "काही न्हाई, बोलेल." बोलेल म्हंजे कधी? त्याला काय, 'बोलेल' म्हणलं की त्याचं काम झालं, पुढचा पेशंट आत. माझ्या डोळ्याला डोळा न्हाई! हौदावर गेले की बाया माझ्याकडं बघून गप होतात, आन् बाया गप झाल्या की ते लय मोठ्यानं ऐकू येतं वो. माझी सासू, धुरपताबाई, आत्याबाई म्हणते मी, त्या तोंडानं काही म्हणत न्हाईत. नुसतं लेकराला मांडीवर घेऊन माझ्या माहेरच्या एकेकाची चौकशी करतात. "तुझ्या मामाचा थोरला कधी बोलला गं? आन् ती चुलती, ती अडखळतीय जराशी, न्हाई का?" म्हंजे काय समजायचं ते मी समजायचं.

मंग शेजारच्या मनकर्णा मावशी म्हणल्या, "अगं, सातवी शिकलीस आन् एवढं ठाऊक न्हाई? राघूचं उष्टं चार लेकराला. राघूनं टोकरलेला पेरू रोज दे, बघ कसं घडाघडा बोलायलंय ते!"

गेले. दत्तरावांच्या मळ्यात पेरूच्या झाडाखाली ओणवी होऊन चोचीचे पेरू येचले, पदराचा वटा भरून आणले. घरी आल्यावर मनात आलं, हे राघूचंच कशावरून? खारीचं असलं तर? वटवाघळाचं असलं तर? वटवाघळाचं उष्टं खाऊन लेकरू उलटं लटकायलं म्हंजे? दिले टाकून म्हशीला. म्हैस खाऊन निवांत रवंथ करायली, माझंच मन उडालं. म्हणलं, न्हाई, आपल्या डोळ्यादेखत खाणारा राघू घरात पाहिजे. बाजारात मिळतो की, पंख छाटलेला, मान टाकून बसलेला, पण मनकर्णा मावशी म्हणल्या, "आजारी राघूचं लागू पडत न्हाई. तू पाथरीच्या अण्णासाहेबांकडं जा. ते फुकट देतात."

फुकट! तिथंच फसले मी.

अण्णासाहेब म्हंजे रिटायर गिरदावर. जल्मभर सरकारच्या वतीनं लोकांच्या जमिनी आन् पिकं पाहत हिंडले. आता बायको वारली, लेक मुंबईला, आन् ह्यांच्या घरात सगळे राघू. ज्वारीवर बसताना गोफणीचा दगड लागलेले, जाळ्यात पाय मोडलेले, हौसेनं पाळून मंग बेजार झाले म्हणून कुणी आणून टाकलेले. बरा झाला की ते राघू सोडून देतात, आन् ज्याला कधी उडताच यायचं न्हाई तो घर बघून देतात. 'घर बघून'. मला वाटलं, बोलायची रीत असंल!

त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरापायी बंद होता, एसट्या उभ्या. काखेत लेकरू, जीपमध्ये माणसावर माणूस, मी बाहेर लटकून पाथरीला गेले. अंगणात पाय ठेवला तर हा कालवा! सगळे राघू एकदमच बोलायलेत. आन् आमचा उद्धव? तोंड उघडं टाकून बघायलाय, बघायलाय... पापणी न्हाई लवली त्याची.

अण्णासाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "राघू कशाला पाहिजे?"

मी म्हणलं, "हौस."

"हौशीला देत नाही."

मंग खरं सांगितलं, लेकरू बोलत न्हाई, उष्टं चारायचंय.

"औषध म्हणूनही देत नाही."

"मंग वो, कशासाठी देता?"

"राघूला घर पाहिजे म्हणून देतो, बाई. तुम्हाला राघू पाहिजे म्हणून नाही."

झालं! आन् मंग सुरू झालं. पिंजरा एवढा पाहिजे की पंख पसरून गोल फिरता आलं पाहिजे. आवडती म्हणून रोज मिरचीच टाकायची न्हाई. भिजवलेले हरभरे, हिरवं कणीस, पालेभाजी, पेरू. च्या द्यायचा न्हाई, तेलातलं द्यायचं न्हाई, मीठ तर न्हाईच. पाणी दोनदा बदलायचं. अंगोळीला पसरट भांडं. उन्हात टांगायचा न्हाई. अंधार पडला की फडकं टाकायचं, त्याला झोप लागते. दहा तास! दहा तास झोप? बाळंतपणात तरी लागली का मला? आन् मंग म्हणतात, "राघू पंचवीस वर्षं जगतो. तुमच्या माघारी त्याचा जिम्मा कोण घेणार?" आता बोला! माझ्या माघारी ह्या मुक्या लेकराचा जिम्मा कोण घेणार, ह्याच्यापायी मी वाळून चाललेय, आन् हे राघूचं इचारायलेत. राघू मागितला होता वो, पोरगी न्हाई मागितली!

"बरं," म्हणले, "तो पाहा, डावा पंख मोडलेला. तो द्यायचा आहे. पण आधी घर पाहीन."

आले की वो खरंच! पेडगावला, आमच्या दारात, भर दुपारी. छत्री, थैली, थैलीत मोजायचा फीता. आमच्या मालकांना वाटलं जमिनीची मोजणी आली, ते धावत शेताचे कागद आणायला. म्हणलं, तसं न्हाई, राघूचं हाय. तर मालक माझ्याकडं असे बघायलेत, जणू मला ऊन लागलंय.

ओसरी मोजली. उजेड कुठून येतो बघितलं. चुलीपाशी उदबत्ती लावून धूर कुणीकडं जातो ते बघत बसले. मंग गिरदावराच्या सवयीनं शेजारच्यांना पंच म्हणून बोलावलं. "मनकर्णाबाई, या घरात मांजर येतं का?" मनकर्णा मावशी म्हणतात कशा, "येतं की! माझंच हाय!" आन् हसतात. म्हणलं, मावशी, दात काढा तुमी, माझं लेकरू इथं मुकं बसलंय.

मंग ओसरीवर बसले ते बसलेच. तासभर, दोन तास. काय बघायलेत कळंना. आमचं आपलं रोजचं चाललं होतं. आता आमच्याकडं कसं हाय, माझं लग्न ठरायच्या आधीच मालकांनी आत्याबाईंना न इचारता त्यांची माहेरची गाय इकली. तवापासून मायलेकरं एकमेकांशी बोलत न्हाईत. एका घरात, एका ताटलीच्या अंतरावर बसतात, पण बोलायचं ते माझ्यामार्फत.

"अगं, सांग त्याला, पाव्हण्याला च्या इचार म्हणाव."

मालक तिथंच बसलेत! ऐकायलेत! तरी मी सांगायचं, "आत्याबाई म्हणतात च्या इचारा."

"तिला सांग, इचारलाय."

"ते म्हणतात इचारलाय."

"सांग त्याला, साखर हाय का बघ म्हणाव."

दिवसभर हेच. ह्यांचं तिकडं, त्यांचं इकडं. मला माझं स्वतःचं काही बोलायचं असतं का, हे मलाच आठवत न्हाई. आन् उद्धव मधात बसलेला, गोधडीचा धागा वढत.

दिस कलला तवा अण्णासाहेब उठले. "घर कोरडं आहे. उजेड चांगला. मांजराचा बंदोबस्त करता येईल. पण राघू देता येणार नाही."

"काहून वो?"

"हा राघू थव्यात वाढलेला आहे, बाई. दिवसभर आपसातली बडबड ऐकत. इथं दुपारभर बसलो, तुम्ही तिघं एकमेकांशी एक शब्द बोलला नाहीत. नुसते निरोप. त्या पाखराशी कोण बोलणार? इथं तो मुका होईल, आणि मुका झाला की स्वतःची पिसं उपटून घेतो."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, मालकांनीबी माझ्याकडंच. म्हंजे रोजच्यासारखंच.

मी लेकराकडं बघितलं. ह्याच्याशी कोण बोलतं? जेवू घालतात, अंगोळ घालतात, मांडीवर घेतात. पण बोलतं कोण?

आन् तुमाला सांगते, तिथंच मला माझा बाप आठवला. लग्न ठरवायला आला तवा त्यानं काय बघितलं? हिरीला पाणी हाय का तेवढं बघितलं. वाकला, खडा टाकला, 'बुडूक' आवाज आला, म्हणला, "चांगलं स्थळ हाय." हिरीचा आवाज ऐकला, माणसांचा ऐकला का? दोन तास ओसरीवर बसला असता तर! पण त्यानं तरी काय करावं, माझ्यामागं दोघी होत्या. तो पोरगी द्यायला आला होता वो, राघू थोडाच द्यायचा होता!

अण्णासाहेब गेले आन् मी दारात उभी राहिले. म्हणलं, "आजपासून मी निरोप सांगणार न्हाई. ज्याला जे सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगा. न्हाईतर राघू न्हाई. आन् हे लेकरूबी मुकंच राहील."

एक दिवस गेला. कालवणात मीठ न्हाई, मालक मागंनात. आत्याबाईंचं पाणी संपलं, त्या मागंनात. मी ढिम्म. दुसऱ्या दिवशी जेवता जेवता आत्याबाईंच्या तोंडातून निघालं, सरळ, लेकाकडं बघून, "गाय काहून इकली रे माझी?"

बस्स! बंधारा फुटावा तसं झालं. "तुला इचारलं असतं तर इकू दिली असतीस का?" "माझ्या बापाची गाय!" "वैरण तुझा बाप टाकत होता का?" इतक्या वर्षांचं साठलेलं, सकाळी उठलं की सुरू, दिवे लावले तरी सुरू! गाईवरून जमिनीवर, जमिनीवरून मेलेल्या सासऱ्यावर. मनकर्णा मावशीचं मांजर आपसूक यायचं बंद झालं. मी मात्र देवाला हात जोडले. म्हणलं, भांडा, पण बोला. लेकराच्या कानावर पडू द्या. अण्णासाहेबांना सांगावा धाडला, घर बोलायलंय, या.

आले. पिंजरा घेऊनच आले ह्यावेळी, आत तो डाव्या पंखाचा. ओसरीवर बसले. इकडून माय, तिकडून लेक, अण्णासाहेब मधात, मांडीवर पिंजरा, आन् राघू मान वाकडी करून एकदा इकडं बघायलाय, एकदा तिकडं. माझं सगळं ध्यान अण्णासाहेबांच्या तोंडाकडं. देतात का न्हाई? देतात का न्हाई?

तेवढ्यात पदराला झटका बसला. खाली बघते तर उद्धव.

"आई."

काय सांगू तुमाला... हातातला तांब्या कवा पडला ठाऊक न्हाई. आई म्हणला! त्याच्या त्याच्या तोंडानं! मी खाली बसले, म्हणलं, "काय रे माझ्या राजा? काय?"

त्यानं आजीकडं बोट केलं, बापाकडं केलं, आन् माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "सांग त्यांला. गप."

ऐकलं त्या दोघांनी. आन् झाले की गप! एकदम. आत्याबाईंच्या डोळ्याला धार, मालक भिंतीकडं तोंड करून उभे. अण्णासाहेबांनी घडीभर वाट बघितली. सगळं चिडीचूप. मंग पिंजऱ्यावर फडकं टाकलं, उठले, छत्री घेतली. उंबऱ्यात मला म्हणले, "लेकरू बोललं, फार चांगलं झालं. पण राघूचं अवघड आहे, बाई," आन् गेले.

राघू गेला. लेकरू मात्र बोलतं वो आता, चांगलं बोलतं, देवाची दया. पण सरळ न्हाई कुणाशी. आजीच्या मांडीवर बसून मला हाक मारतं, "आई, सांग आजीला, भूक लागली." आत्याबाई म्हणतात, "सांग त्याला, भाकर टाकलीय." आन् कोपऱ्यातून मालक म्हणतात, "सांग दोघांला, मलाबी वाढ म्हणाव." आधी दोघांचे निरोप होते, आता तिघांचे झाले... हां, आले, आले! बघा, हाक आली आतून. कुणाची का असंना, पोचवायचं मलाच हाय.