काचेपलीकडचं बोट

नाही, गीतांजली मॅडम, आज मी आत बसत नाही — पोट्टीले एकटीलेच बसवा त्या काचेच्या खोलीत. भेते? भेऊ द्या थोडं. माई नात अपेक्षा, नऊ वर्षांची, तीन केमो पचवल्या तिनं, खोलीले काय भेते! काहून म्हणता? सांगते — मशीन नका लावू अजून.

मी शाळा पायली नाही. दुकानांच्या पाट्या वाचून वाचून अक्षर शिकली. केमोच्या अगोदर सही घेतली तुमी, तो कागद माया पोरानं नुसता घडी करून खिशात घातला, वाचला मी. लिहेल होतं — या औषधानं आयकू येनं कमी होऊ शकते, म्हून दर डोसाच्या आधी कान तपासाचे, कान उतरले तं औषध बदलाचं नाहीतं कमी कराचं. कमी? माया डोक्यात वावरातली कापसाची पराटीच आली — अर्धी फवारणी केली का अळी मरत नाही, चवताळते. तवाच ठरवलं, पोट्टीचं औषध थेंबभर कमी होऊ द्याचं नाही.

मंग काय केलं — तुमी तिकून बटन दाबा, तिच्या कानात बारीक आवाज जाये, आयकू आला का तिनं हात वर कराचा. मले काचेतून तुमचं बोट दिसे. बोट हाललं का मी खालून तिच्या पायावर आंगठा दाबो. हात वर! तीनदा, मॅडम. तुमी म्हणाल्या, आजी, पोरीचे कान हरणाचे हायेत. मी हासली बी.

अशा पायता काय? शिव्या द्या न.

आमच्या गावात, तिवस्यात, मी घरातून हाक मारली तं रस्त्यावरचा माणूस थांबते. परवा पोट्टी मायाजवळ बसेल, तोंडाकडं टक लावून म्हणते, "आजी, तू आजकाल हळू काहून बोलून राहिली?" हळू — मी! जल्मात कोणी म्हटलं नाही मले असं.

आता खरं मोजा. कमी भरलं तं कमी लिहा, डॉक्टरले मी सांगते कोणं केलं ते. अळीचं त्याईले समजते. मले पाट्या वाचता येतात, तेवढंच.

तिले मात्र तुमी नका सांगू. तिले वाटते आजीनं तिले पास केलं. मीच सांगीन. असं पाप कानाशी, हळूच सांगाचं असते — आता ओरडून सांगा लागन, सारा वार्ड आयकन. आयको.

जा तुमी. दार लावून घ्या.