यांच्या मापाचा पाय

नफा? व्हायचा की! कोण म्हणतं होत नव्हता — तुम्हीही त्यातलेच का, धर्मादाय म्हटलं की खिसा फाटकाच असणार असं समजणारे? बसा ना, उभे का — फक्त त्या प्लास्टरच्या पायांना टेकू नका, भुगा सुटतो. तर — पैसेवाल्याकडून कृत्रिम पायाचे पुरेपूर घ्यायचे, गरिबाकडून काही नाही, आणि वर्षाखेरीला उरायचेच. फक्त ते आमचे नव्हते. हे मला समजवायचे — हे म्हणजे आमचे हे, संस्था यांनीच काढली — म्हणायचे, अगं, नफा करायला बंदी नाही, घरी न्यायला बंदी आहे. उरलेलं पुन्हा पायांतच घालायचं, म्हणून तर सरकार कर माफ करतं. पायांतच घालायचं! — आणि हसायचे स्वतःच. मला नाही यायचं हसू. घर संस्थेच्या नावावर केलं तेव्हा विचारलं, उद्या बंद पडली तर? तर म्हणे दुसऱ्या तसल्याच संस्थेला जाईल. आपल्याला नाही? आपल्याला कसं, आपण कोण? — आणि आता आलात तुम्ही, त्या दुसऱ्या संस्थेचे, सगळं ताब्यात घ्यायला. तुमच्यावर राग नाही हो. वरच्या खोल्यांचं भाडं मी भरतेच आहे, स्वतःच्याच — जाऊ दे.

यांचा पाय तरुणपणी यंत्रात गेलेला. म्हणून तर हा धंदा — धंदा म्हटलं की रागवायचे. इथून लोक हलके, नवे पाय लावून टणाटणा जायचे आणि यांच्या अंगाखाली तोच जुना लाकडी, चालले की करकर. हिशेबनीस कानीकपाळी ओरडले, साहेब, किंमत लावा, पावती फाडा, घाला, कायद्यात बसतं. नाही! चालवणाऱ्यानं संस्थेतून सुतळीचा तोडाही घ्यायचा नाही, आणि माझ्याआधी किती लोक ताटकळलेत! ताटकळलेले संपतात कधी? साखर होती यांना. पट्ट्याखाली जखम झाली. मी धुवायचे — ती खोलच जात गेली. शेवटी इथं पाय घडवणाऱ्या मिस्त्रींच्या पाया पडले — हो, खरंच पडले — म्हटलं, गुपचूप यांच्या मापाचा करा. केला त्यांनी. हे बघून म्हणाले, कोणाचा गं? मी म्हटलं, असेल कुणा पेशंटचा. हातात घेऊन आतल्या खोबणीत बोटं फिरवत बसले. "बिचारा, याचा खुंटही अगदी माझ्यासारखाच झिजलाय." मग स्वतः टाच घासली, आतून मऊ अस्तर लावलं, आणि कपाटात ठेवला. ओळखलं नव्हतं? ओळखलं होतं. माझ्याकडे बघितलं नाही ना, त्यावरूनच कळलं. मग ताप, मग इस्पितळ, मग — संपलंच.

हो, तोच, खालच्या फळीवरचा. तोही न्यायचा? नाही, तो — ऐका. हे सांगणार नव्हते. लेकीलाही नाही सांगितलं, ती उचलूनच नेईल मला. हा खालचा पायांचा कारखाना बंद झाल्यापासून — भर दुपारी — जिना चढतात. आधी वाटलं उंदीर. उंदीर काय असे चढतात, एक पाऊल, थांबून दुसरं? आणि करकर नाही. ऐकताय ना? करकर नाही! मऊ चाल, नव्या पायाची. इतकी रडले मी त्या दिवशी, सुखानं हो. पण दारापर्यंतच येतात. मी म्हणते, या ना — उघडते — कुणी नाही. खाली येऊन बघते तर पाय कपाटात आणि तळव्याला ताजी धूळ. भीती नाही वाटत. पण उतरताना चोरासारखे उतरतात हो, भिंतीला धरून. यांनी असं उतरावं! जन्मात ज्यांनी कुणाचं काही —

किंमत लावा. आता तुम्हालाच अधिकार आहे ना? मग लावा. पुरी, पै कमी नको. हे माझ्या शिवणकामाचे पैसे, संस्थेचे नाहीत. पावती फाडा. नाव? यांचं. माझं कशाला, मी काय करू पायाचं! ... मला माहीत आहे, हे आता नाहीत. तुम्ही लिहा. सही करा.

हं. द्या इकडे. आता उठा तुम्ही — हो, लगेच, दुपार भरत आली, बाकीचं सगळं उद्या न्या. मागच्या दारानं जा. जिना मोकळा सोडा.