कॉलिन यांचं स्वतःचं वाद्य

आमच्या हॅनोव्हरच्या बिल्डिंगमधल्या कॉलिनबद्दल बोलले का मी कधी? सत्तरी उलटलेले इंग्रज गृहस्थ. तरुणपणी एका ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये बासरी, चेलो, ऑर्गन, गिटार, सगळंच वाजवायचे. लहान घरात जायचं म्हणून वाद्यं वाटून टाकत होते, तेव्हा पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, घेऊन मी बघायला गेले.

बाबा मला म्हणाले, "अगं, विचार ना, यातलं त्यांचं स्वतःचं वाद्य कुठलं?"

मी विचारलं. कॉलिन म्हणाले, "व्हायोलिन. पण बँडमध्ये व्हायोलिनवाला आधीच होता. मग जे वाजवायला कुणी नसेल, ते मी शिकत गेलो. लोक त्यालाच प्रतिभा म्हणाले."

"आणि व्हायोलिन?"

"तेव्हापासून हातात घेतलं नाही."

मी बाबांना सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "आता कुठे बँड आहे? आता वाजवा म्हणावं."

कॉलिननी व्हायोलिन बाहेर काढलं, तारा कशाबशा जुळवल्या. पहिलाच सूर असा किंचाळला की ते ओशाळून "सॉरी" म्हणाले.

बाबा खुर्चीत ऐसपैस बसले. "सांग त्यांना, आम्हाला काही घाई नाही."